दीपाची झोप

४ फेब्रुवारी
पालघर – जिल्ह्याचं ठिकाण म्हणे! सरकारी दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायला एक खोली, आणि तिथे यंत्रापेक्षा मोबाइलवर जास्त लक्ष असलेला तंत्रज्ञ हितेश. पाड्यावरच्या माझ्या साक्षरता वर्गातल्या सोमीच्या दीपाला महिन्यात तीनदा आकडी आली. आलेखाशिवाय औषध ठरत नाही, आणि आलेख पोर झोपल्यावरच निघतो. अडीच वर्षांची पोर! पहाटे चारपासून जागी ठेवून सफाळ्याहून आणलेली. झोपेचं गोड औषध दिलं, ते ओकली. वायरी बघून किंचाळली. हितेश म्हणतो, "अकरापर्यंत नाय झोपली तर पुढची तारीख." झोपेलाही कार्यालयीन वेळ!

५ फेब्रुवारी
सोमीचा नवरा अंकुश विचारतो, "ताई, भगताला दाखवू का?" अर्धा तास सुनावलं. बैलासारखा मान हलवत होता. पटलं काहीच नसणार.

११ फेब्रुवारी
आज सोमीने घरून लुगडं आणलं होतं. "झोळीशिवाय नीज नाय तिला." हितेश हसला – "मावशी, पाडा हाय का हा?" सोमीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, खिडकीचे गज आणि पलंगाचा दांडा, बांधली झोळी. दहा मिनिटांत दीपा गाढ! हितेश एकेक वायर चिकटवू लागला. तेवढ्यात त्याला फोन. "अरे, ह्या पाड्यावरच्या लोकांचं असंच..."

मी कशी गप्प बसणार? कोणते लोक? कुणाच्या जमिनीवर उभा आहेस तू? असं बोलले की बाहेरच्या बाकांवरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

दीपा उठली. वायरी ओरबाडल्या. हितेशच्या उद्धटपणामुळे आणखी एक तारीख गेली!

सोमी लुगड्याची घडी घालत होती. मी तिला पुढची तारीख विचारली. "अठरा, ताई."

१४ फेब्रुवारी
पुन्हा आकडी. सोमीचा फोन – "ओठ निळे पडलेले, ताई." रडत नव्हती. अशा वेळी माणसाने रडावं तरी. आणि त्या खोलीत बसलेला तो दगड!

१८ फेब्रुवारी
साडेनऊला पोचले. हितेशला काय काय सुनावायचं ते वाटेत ठरवलं होतं. सोमी कुठे दिसेना.

"त्यांची तारीख कालचीच होती. झालं काम," हितेश म्हणाला. "चाळीस मिनिटं झोपली पोरगी. डॉक्टरांनी औषध चालू केलं."

सोमीची तारखेत चूक झालेली नाही. कॅलेंडर वाचायला तिला मीच शिकवलं.