दीड हाताच्या टाकीसाठी स्थळं पाहिली त्याची हकिकत

विहीणबाई यांना वाकून नमस्कार. (वयाने मी मोठी, पण मुलीची आई पडले, त्यामुळे वाकणं माझ्याकडे आणि नंतर कंबर धरून बसणंही माझ्याकडेच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही बोलतात, पण त्यांचं आपसात पटत नसल्याने आळीपाळीने बोलतात. जावईबापू आणि आमची लेक त्यांच्या घरी खुशाल असतील. पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई लिहिते आहे. अक्षर तिचं, अक्कल माझी. (हे गाळू नकोस गं. मला वाचता येत नसलं, तरी तुझा हात कधी थांबतो ते दिसतं.)

तर कळवायचं कारण असं, की आमच्या टाकीत नवे मासे सोडून आज बावीस दिवस झाले आणि टाकी भरलेली आहे. मासे मी निवडणार म्हटल्यावर तुम्ही फोनवर हसला होतात. ते हसू आता परत घ्यावं, आणि तुमच्या शेजारणीलाही सांगावं, कारण मागून तीही हसत होती.

झालं असं, की मुलाने हौसेने दीड हात लांबीची टाकी आणली. तो इमारतींचे नकाशे काढतो, कागदावर रेघ मारल्याशिवाय त्याला तहानसुद्धा लागत नाही. कुठला मासा कुणाजवळ चालतो याचा त्याने तक्ता केला, रंगीत. पहिल्या खेपेला एका थोरल्याने सगळी धाकटी मंडळी गिळली आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगून स्वतःही गेला. दुसऱ्या खेपेला शांत स्वभावाचे म्हणून जे दोघे आणले, त्यांनी एकमेकांना इतकं शांत केलं की दोघेही उरले नाहीत. अहो, तक्त्यात शांत लिहिलं होतं म्हणे! स्थळाच्या माहितीत कोणी लिहितं का, की मुलगा तापट आहे आणि जेवताना दुसऱ्याच्या ताटात बघतो? मुलगा वैतागला. म्हणाला, आता शेवटची खेप, एक जरी मेला तरी टाकी खालच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात ठेवायला देऊन टाकणार. सूनबाई म्हणाली, बरंच होईल, तो कोपरा मला शिलाई मशीनला हवाय. मी मात्र हट्टाला पेटले. तुम्हाला सांगते, दहा ते सहा या घरात हलणाऱ्या वस्तू दोनच, एक मी आणि दुसरा पंखा. तिसऱ्या मजल्यावरून मला उतरवत नाही, आणि खिडकीतून दिसते समोरच्या इमारतीची भिंत. ती टाकी गेली असती तर मी दिवसभर भिंतीशी बोलले असते, आणि भिंत तुमच्याइतकी ऐकून घेणारी नाही.

म्हणून म्हटलं, या वेळी स्थळं मी बघणार. चार दिवस मुलगा कामावर जाताना मला हाताला धरून उतरवायचा, माशांच्या दुकानात स्टुलावर बसवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत परत आणायचा. पाट्यांवर काय लिहिलंय ते मला कळत नाही, म्हणून मी तोंडं बघितली. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्यांची सोयरीक होत नाही. मग पंगत बघितली. दाणे टाकल्यावर कोण धावतो, कोण ढकलतो, कोण मागे राहून उपाशी झोपतो. मग कोण कुठल्या मजल्यावर राहतो ते बघितलं. वरच्या मजल्याला कुऱ्हाडीच्या पात्यासारखे पाच निवडले, ते पाण्याच्या वरच्या थरातून हलत नाहीत. मधल्या मजल्याला नखाएवढ्या आठ ठिणग्या. तळाला पट्ट्यापट्ट्यांच्या पाच नाड्या. त्या लग्नघरातल्या मावसबहिणींसारख्या एकाच कोपऱ्यात गुंता करून पडतात. जिन्यात कुणाची कुणाशी गाठच नाही, मग भांडण कशावरून होणार? चौथ्या दिवशी दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला सरळ माझ्याकडे पाठवलं, म्हणाला, आजींना विचारा. सूट-बूट घातलेला गृहस्थ माझ्या स्टुलापाशी उकिडवा बसला! सात मासे घेऊन गेला. (आठवा मी मोडला. नजर चांगली नव्हती.)

चूक एकच झाली, तीही तुमच्या चिरंजीवांमुळे. वाटाण्याएवढा एक पिवळा-हिरवा मासा होता, डोळे दोन दिशांना फिरवणारा. घास आधी या डोळ्याने बघायचा, मग त्या डोळ्याने, मग विचार करायचा आणि मग खायचा. मला वाटलं, अगदी आपले जावईबापू! म्हणून घेतला. दोन दिवसांत कुऱ्हाडींच्या शेपट्या कातरलेल्या. मी घरात सांगितलं, ही जातच तशी, झालर असते. तिसऱ्या दिवशी वाटाण्याला रंगेहाथ पकडला. शेपटीचा तुकडा तोंडात, आणि चेहरा असा की मी नाही त्यातला. तेव्हापासून तो काचेच्या बरणीत आहे. रोज त्याचं पाणी बदलते. मुलगा म्हणतो, बरणी हे काही घर नव्हे, रविवारी तो दुकानात परत.

बाकी सर्व क्षेम. औषध वेळेवर घ्या, आणि घेतलं असं खोटं सांगू नका.

ता. क. तुमच्याकडे माळ्यावर छोटी टाकी रिकामी पडून आहे असं जावईबापू म्हणाले. रविवारच्या आत वाटाणा तुमच्याकडे पाठवते. त्याला कुणाची संगत खपत नाही, पण माणूस जवळ आलं की काचेपाशी येऊन बघत बसतो. तुम्हीही एकट्या, आणि कुणाकडे राहायला या म्हटलं की फुगता. तुमचं जमेल. स्थळ मी बघितलेलं आहे.

ता. क. दुसरा. वर टाकी भरलेली आहे एवढंच सांगितलं, एकही मेला नाही असं म्हटलं नाही, कारण खोटं बोलवत नाही. गेल्या आठवड्यात मी झाकण उघडं ठेवलं आणि एक कुऱ्हाड उडी मारून जमिनीवर गेली. दुकानदाराला फोन करून गुपचूप दुसरी मागवली. त्याचा माणूस दारात म्हणाला, आजी, तुमच्या घरात ही तिसरी. मला वाटलं, मोजण्यात चुकला.

ता. क. तिसरा. सूनबाईचा हात थांबलाय. म्हणते, आई, एक मीसुद्धा बदलली, तुम्ही झोपला होतात. (आणि हिला म्हणे मशीनला कोपरा हवा होता!) आता आम्ही दोघी मुलाकडे बघतोय. आज त्याला सुट्टी आहे. ज्याने जन्मात फडकं हातात धरलं नाही, तो मघापासून टाकीचं झाकण पुसतोय.