डावीकडचं फूल

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दादाच्या महाराजांकडून घरातल्या सगळ्यांनी अनुग्रह घेतला, राहिले मी एकटी. माझं मन तिथे लागत नाही, एवढंच म्हणाले. तर दादा म्हणतो, "मनाचं काय ऐकतेस गो? आज एक सांगेल, उद्या दुसरं. देवीलाच विचारू."

म्हणून आज ग्रामदेवीपुढे कौल लावला. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. डावं पडलं. "नीट चिकटलं नव्हतं, परत लावा," दादा म्हणाला. नवी फुलं लावली. पुन्हा डावंच! तिसऱ्या खेपेला उजवं पडलं आणि दादाने लगेच हात जोडले. "बघ, मिळाला कौल!"

आणि चंचल कोण, तर माझं मन!

पण मीही तेच करते का? हवं ते उत्तर येईपर्यंत मनाला विचारत बसते? नाही. उलट मलाही हो हवं होतं. आई खूश झाली असती, घरातली धुसफूस थांबली असती. त्या आशेने वर्षभर दर गुरुवारी महाराजांपुढे जाऊन बसले. दर गुरुवारी मन नाहीच म्हणालं.

निघताना ते पहिलं डावं फूल उचलून आणलं. या पानात ठेवलंय. परवा गुरुवार. मी जाणार नाही. दादाने विचारलं, तर फूल त्याच्या हातावर ठेवीन. देवी पहिल्याच खेपेला बोलली होती दादा, तुलाच ऐकायचं नव्हतं.