गुरुवारचा उपवास

गुरुवार, ९ जानेवारी

केवढं ते! बरिटो म्हणे. पाटीवर नाव वाचून वाटलं, फ्रँकीसारखं काहीतरी असेल. चांदीच्या कागदात गुंडाळून आलं — हातात घेतलं तर सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाएवढं! माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, हात आपोआप खालून आधाराला गेला. बन्सीलाल हसले. मग स्वतः कागदासकट चावले. कवळी निघता निघता राहिली.

"हाई बठ्ठं माले एकलाले?" म्हणे — हे सगळं एकट्याला! एरवी माझ्याशी अगदी शुद्ध बोलतात. घाबरले की अहिराणी!

आपल्याकडे खापरावर मांडा करतात ना, तेवढी पोळी. आत पुरणाऐवजी राजमा, भात, मका, चीज — अख्खा डबाच पोळीत बांधलेला. टाकायचं कसं म्हणून मी सगळं संपवलं.

जळगावात आम्हाला दुसरीकडे बसायची सोय नाही. शेवभाजीच्या हॉटेलात माझी चुलत नणंद भेटणार, रसवंतीवर बन्सीलालांचे साडू. या बरिटोच्या दुकानात सगळी कॉलेजची पोरं. त्यांना आम्ही दिसतसुद्धा नाही. बन्सीलाल रेल्वेतून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून पाचोऱ्याला एकटेच. धुळ्याच्या वधू-वर मेळाव्यात ओळख झाली — मी भाचीसाठी गेले होते, ते पुतण्यासाठी. त्या दोघांचं काही जमलं नाही. आम्ही मात्र रोज फोनवर! घरी कुणाला माहीत नाही.

घरी आले तर सूनबाई स्नेहलने शाळेत शिकवून आल्यावर मेथीची भाजी आणि कळण्याची भाकरी केलेली. घास उतरेना. स्नेहल म्हणाली, "आई, बरं नाही का?" तर तोंडातून काय निघावं? "आज उपवास आहे." उपवास! आमच्या घरात! समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. माझ्या पोराचा, सुयशचा, घास हातातच राहिला. मेली माझी जीभ!

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी चहाबरोबर सुयशचं भाषण. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून या घरात कुणी उपवास धरला नाही, तू तर नर्स, वगैरे वगैरे. मान खाली घालून ऐकलं. अ‍ॅसिडिटी झाली म्हणाले असते तर काय बिघडलं असतं!

गुरुवार, १६ जानेवारी

आज दोघांत एकच मागवलं. काउंटरवरच्या मुलीने मधोमध कापून दिलं. त्यांनी दोन्ही अर्धे नीट बघितले आणि ज्यात सारण जास्त होतं तो माझ्यापुढे सरकवला.

लग्न झाल्यापासून मीच वाढतेय. शेवटची मोडकी भाकरी माझी, हे ठरलेलं. ह्यांच्याबद्दल तक्रार नाही, चांगले होते बिचारे. जाऊनही आठ वर्षं झाली. पण माझ्या ताटात काय पडलंय हे कुणी बघितल्याचं आठवत नाही.

मी म्हटलं, "बन्सीलालभाऊ, पुरे." तर म्हणाले, "काहीही म्हणा, भाऊ तेवढं म्हणू नका." कान तापले माझे! या वयात!

अर्ध्यानेही पोट डब्ब झालं. घरी परत उपवास. आता सोडता येईना आणि धरता येईना. सुयश ताटावरून उठून गेला.

रविवार, १९ जानेवारी

विहारात वंदनेला गेलो होतो. येताना सुयशने गाडी मुद्दाम हळू घेतली. "आई, खरं सांग. कोणी बाबा-बुवा भेटतो का तुला?" मला हसू फुटलं. तो आणखी घाबरला. स्नेहलनेही भर घातली — गुरुवारी आई इस्त्रीची साडी नेसून जातात आणि घरी आल्यावर एकट्याच हसतात. सगळी लक्षणं जुळली म्हणे!

तेव्हाच सांगायला हवं होतं.

गुरुवार, २३ जानेवारी

त्यांनी विचारलं. नॅपकिनने बोटं पुसत, माझ्याकडे न बघता. "नाशिकला वृषालीच्या कानावर घातलंय मी. पोरगी म्हणाली, बाबा, करा. आता तुम्ही तुमच्या घरी विचारा. रजिस्टर लग्न करू, गाजावाजा नको." मग जरा थांबून, "माले एकलाले गोड नही लागस."

मला हो म्हणायचंय. इथे तरी लिहून टाकते — मला हो म्हणायचंय!

पण सुयश? पप्पा गेल्यावर त्या पोराने वर्षभर त्यांची खुर्ची जागची हलवू दिली नाही. तो नको म्हणाला तर मी जाणार नाही. त्याला दुखवून मला नवा संसार नको. मग गुरुवारचीही बोंब.

शनिवार, २५ जानेवारी

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

मंगळवार, २८ जानेवारी

आजही नाही. बाई अडलेली असली की डॉक्टरांवर ओरडणारी मी! स्वतःच्या पोरापुढे ततपप.

गुरुवार, ३० जानेवारी

व्हायचं ते झालं.

आम्ही अर्ध्यावर आलो होतो. समोर सुयश! मागे त्याचे दोन मित्र, एकाच्या हातात मोबाइल, व्हिडिओ काढायच्या तयारीत. बुवाला रंगेहाथ पकडायला माझ्या मागावर आले होते! सुयश थेट टेबलापाशी. "कुठाय तो?" माझ्या तोंडात घास, हनुवटीला चीज. बन्सीलाल उभे राहिले. हातातला बरिटो खाली ठेवायचंही सुचलं नाही त्यांना. म्हणाले, "मीच असेन तो."

मित्रांना आधी कळलं. "येतो काकू," म्हणून सटकले. मी सुयशला सगळं सांगून टाकलं — मेळावा, फोन, लग्नाचं, उपवासाचं, सगळं एका दमात. पोरंपोरी खायची थांबून बघत होती. सुयशने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

मी रडले. तिथेच, सगळ्यांसमोर. बन्सीलालांनी माझा उरलेला तुकडा कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला. "पोराचं बघा आधी," म्हणाले. "मी काय, पाचोऱ्यालाच शे."

घरी येऊन तो तुकडा फ्रिजमध्ये ढकलला. तोंडात घालवेना.

शनिवार, १ फेब्रुवारी

सुयश बोलत नाही. डबा घेतो, जातो. आल्यावर पप्पांच्या खुर्चीत बसून मोबाइल बघतो. ओरडला असता तरी परवडलं असतं!

स्नेहल भांडी पुसताना हळूच म्हणाली, "आई, तो तुकडा ह्यांनीच खाल्ला. सकाळी उभ्या उभ्या, थंडच. आणि मला विचारत होते, पप्पा आईला कधी हॉटेलात घेऊन गेले होते का गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मला काय माहीत, म्हटलं. तुमची आई, तुम्हीच आठवा."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बन्सीलालांना फोन करून सांगितलं, गुरुवारी येऊ नका. आता कधीच नको. "बरं," म्हणाले. नुसतं बरं! कारणसुद्धा विचारलं नाही त्या माणसाने. फार वाईट वाटतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळच्या भरतासाठी वांग्यांना तेल लावत होते. सुयश ऑफिसमधून मधेच घरी आला. माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, गॅस बंद केला. "आज स्वयंपाक नाही," म्हणाला. "स्नेहललाही शाळेतून परस्पर तिकडेच बोलावलंय. आज घरात सगळ्यांचा उपवास आहे. तू साडी बदल. आणि त्यांना फोन लाव, दुपारची गाडी चुकवू नका म्हणावं."