नऊ हंगाम, पाच संघ आणि स्टेफाचं पत्र

मी, ऑरेस्ट मायकेल हवरिल्याक, वय वर्षे अडुसष्ट, राहणार वेस्ना, सस्कॅचवान, पूर्वीचा धंदा व्यावसायिक फुटबॉल (कॅनडातला, चेंडू हातांनी फेकायचा-झेलायचा), नंतरचा गावच्या आइस रिंकची देखभाल, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने आणि कोणाच्याही सांगण्याला न भुलता लिहून ठेवतो. माझे यकृत संपत आले आहे. डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा स्वभाव वाईट आहे हे वेडाचे लक्षण धरू नये. तो पंचविसाव्या वर्षीही असाच होता आणि तेव्हा मला कोणी दाखला मागितला नव्हता.

कलम १. यापूर्वी १९९४ व २००९ साली केलेली मृत्युपत्रे या कागदाने रद्द होतात. २००९च्या मृत्युपत्रात असे लिहिले होते की माझ्यामागे तीस दिवसांच्या आत माझ्या आईचे घर विकावे आणि त्यात राहणाऱ्या वेंडल सिमंड्सला सामानासकट बाहेर काढावे. ते मी रागाने लिहिले होते. आजचेही रागानेच लिहितो आहे. मात्र राग आता दोन माणसांत वाटला गेला आहे, त्यामुळे घराचा निर्णय फिरवावा लागतो. कारण सहाव्या कलमात येईल.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडेल क्विरिंग वकीलबाईंनी करावी. त्यांनी मला बजावले आहे की ज्या पाच संघांकडून मी खेळलो त्यांची नावे आणि त्यांच्याबद्दलची माझी मते एकाच कागदावर येऊ नयेत. म्हणून नावे गाळली आहेत.

कलम ३. स्केटला धार लावायचे माझे यंत्र, तिन्ही दगडांसकट, डेनिझ ओकेमाव हिला द्यावे. ती माझ्यानंतर रिंक सांभाळते. सहा वर्षांत तिने मला एकदाही विचारले नाही की मोठ्या मैदानावर खेळताना कसे वाटायचे. तिला पाना कुठला लागतो ते कळते आणि गप्प बसता येते. यंत्राची डावी मूठ सैल आहे, ती आवळण्याच्या भानगडीत पडू नये.

रिंकच्या समितीला काहीही देऊ नये. प्रवेशद्वाराशी गावच्या नामवंतांची भिंत करून तिच्यावर त्यांनी माझा फोटो लावला आणि खाली ‘हॅवरलक’ असे लिहिले. मी तीन वेळा सांगितले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, लोकांना कळतं हो तुम्हीच ते. लोकांना कळत असेल तर फोटोचीही गरज नाही. तो काढून माझ्यासोबत पुरावा.

कलम ४. रॅन्डल टीग, एकेकाळचा क्वार्टरबॅक, सध्या टेक्ससमध्ये मोटारी विकतो, यास मी काहीही ठेवलेले नाही आणि हे त्यास रजिस्टर टपालाने कळवावे.

खुलासा: आमच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला ठरावीक संख्येने कॅनडात वाढलेले खेळाडू ठेवावेच लागतात. मी त्या संख्येतला. लांबचे चेंडू झेलणे हे माझे काम. पण चेंडू फेकणारा टीग अमेरिकन होता आणि आम्ही कॅनडाचे म्हणजे नियमाने पानात पडलेली कोशिंबीर, अशी त्याची समजूत होती. मी पूर्ण वेगाने सुटायचो, बचाववाल्याला मागे टाकायचो, मोकळ्या जागेत हात वर करून उभा राहायचो, आणि चेंडू दुसरीकडे जायचा. दोन हंगामांत त्याने माझ्याकडे एकोणीस चेंडू टाकले. मी सतरा झेलले. पेपरात तो म्हणाला, हवरिल्याकचे हात बरे आहेत, पण तो मोकळा सापडत नाही. त्या वाक्यावर मला दोन संघांनी नाकारले.

कलम ५. पेटीतल्या चार जर्सी रिंकच्या यंत्राचे तेल पुसायला वापराव्यात. कापड चांगले आहे. पाचवी नाही, कारण पाचव्या संघाने ती परत मागून घेतली.

कलम ६. आता घराबद्दल.

१९८३च्या सरावात आमच्याच संघातल्या एका बचाववाल्याचे बोट हेल्मेटच्या जाळीतून माझ्या डाव्या डोळ्यात गेले. महिन्याभरात त्या बाजूला नुसते धुके उरले. हे एका माणसाला माहीत होते. माझ्याच खोलीत राहणारा वेंडल सिमंड्स. नोव्हा स्कोशियाचा, माझ्यासारखाच चेंडू झेलणारा, माझ्यासारखाच त्या ठरावीक संख्येतला. संघांनी आम्हा दोघांना दोनदा एकत्र घेतले, एकदा एकत्रच काढले.

तपासणीचा डॉक्टर दरवर्षी तोच तक्ता भिंतीला लावत असे. वेंडलने तो मला पाठ करायला लावला. गाडी चालवताना मध्येच विचारायचा, “चौथी ओळ?” मी म्हणायचो, “एल, पी, ई, डी.” “बरोबर. पण इतक्या घाईत म्हणू नकोस, वाचल्यासारखं कर. थोडा अडखळ.” मैदानात तो माझ्या डाव्या हाताला पळायचा आणि चेंडू येताना ओरडायचा, “आता!” मग मी मान वळवायचो. असे तीन हंगाम निघाले. त्या तीन हंगामांत मी आधीच्या सहांपेक्षा चांगला खेळलो. हे कोणाला पटत नसेल तर आकडे उपलब्ध आहेत.

१९८६च्या जुलैत प्रशिक्षक हार्लन क्रेब्स यांनी मला खोलीत बोलावले. ते फळ्यापाशी उभे होते. हातातला खडू त्यांनी माझ्या डाव्या अंगाने फेकला. तो फरशीवर वाजला तेव्हा मला कळले की काहीतरी फेकले गेले आहे.

“डावपेचांची वही आणलीस ना?” त्यांनी विचारले. वही मागितली की संघातून काढले असे समजायचे. मी ती टेबलावर ठेवली. ती ठेवताना माझ्या लक्षात आले की माझा शेवटचा सामना होऊन गेलेला आहे आणि तो खेळताना मला हे ठाऊक नव्हते.

संघात आमच्यासाठी एकच जागा उरली होती आणि ती वेंडलला मिळाली. पार्किंगमध्ये मी त्याला गाठले. मी विचारले, “तू सांगितलंस?”

तो म्हणाला, “हो.”

त्याने कारण दिले नाही, मान खाली घातली नाही. मी त्याचा जबडा फोडला. त्याने हात उचलला नाही. ते मी अपराधाची कबुली समजलो.

दोन वर्षांनी त्याने माझी धाकटी बहीण स्टेफानिया हिच्याशी लग्न केले. लग्नाच्या दिवशी मी रिंकवर पाइप बदलत होतो. माझे वडील जाताना आईचे घर माझ्या नावावर करून गेले होते. आई म्हणाली, पोरीला आणि जावयाला इथेच राहू दे, मला सोबत होईल. तिच्या शब्दाखातर मी राहू दिले आणि स्वतः रिंकमागच्या दोन खोल्यांत गेलो. दर सहा जानेवारीला, आमच्या जुन्या पंचांगाच्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती मला बोलवायची आणि बारा पदार्थांच्या त्या ताटावर मी वेंडलसमोर बसायचो. एकवीस वर्षे मी त्याच्याशी थेट बोललो नाही. “आई, त्याला सांग, बीटाचं सूप इकडे सरकव.” आई सांगायची नाही. ती म्हणायची, “ओरेस्तिक, तोंड आहे तुला.” वेंडल तोवर भांडे सरकवून मोकळा व्हायचा. आई गेल्यावर मी जाणे सोडले.

या वर्षी सप्टेंबरात क्रेब्स वारले. त्यांच्या मुलीने जुन्या खेळाडूंना ज्याची त्याची फाइल पाठवली. माझ्या फाइलीत वजन, वेग आणि एक शेरा होता: ‘हात उत्तम. तोंड आवरत नाही.’ त्याखाली एक पत्र होते. अक्षर मी लिफाफ्यावरूनच ओळखले, कारण ते लिहायला मीच शिकवले होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या पाचव्या वर्षी.

मी पत्र घेऊन आईच्या घरी गेलो. स्टेफा कोबीच्या पानांत भात भरत होती. मी पत्र तिच्या पुढ्यात ठेवले. तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि स्वतःचेच पत्र शेवटपर्यंत वाचले.

“तुझ्या डोळ्याचं त्यांना मीच लिहिलं,” ती म्हणाली. “जूनमधल्या सामन्यात तुला डावीकडून एकाने आडवा केला. तू उठलास आणि चालत दुसऱ्याच संघाच्या बाकापाशी जाऊन बसलास. वीस हजार माणसं हसली. वेंडल तुला हाताला धरून घेऊन आला. परत येताना तू त्याला म्हणत होतास, चौथी ओळ मला येते. मी कठड्याला टेकून उभी होते रे. मी ऐकलं.”

मी वेंडलकडे वळलो. तो खिडकीपाशी बसला होता. इतक्या वर्षांनी मी त्याच्याशी थेट बोललो ते हे वाक्य: “मग तू हो का म्हणालास, गाढवा?”

“तिने मला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं,” तो म्हणाला. “माझ्याशी बोलणं सोडलंस तर मी जगणार होतो. तिच्याशी सोडलं असतंस तर तुला कोण उरलं असतं?”

“ते मी बघितलं असतं.”

“तुला दिसत नव्हतं, ऑरेस्ट. मुद्दा तोच होता.”

स्टेफा हसली. मी हसलो नाही. मी पत्र उचलले आणि चालता झालो.

लोक म्हणतील, बहिणीने जीव वाचवला आणि मेहुण्याने आळ अंगावर घेतला. म्हणोत. मला कोणी विचारले नव्हते. एकीने माझा खेळ माझ्या पाठीमागे बंद केला. दुसऱ्याने मला सदतीस वर्षे चुकीच्या माणसाचा द्वेष करायला लावले, आणि द्वेष मी मन लावून केला होता, ते काम मला चांगले जमत होते. तो सगळा वाया गेला. बहिणीसाठी नवा द्वेष उभा करायचा तर निदान दहा वर्षे लागतील. डॉक्टरांनी मला वसंतापर्यंतची मुदत दिली आहे.

कलम ७. सबब, आईचे घर, मागची कोठी आणि त्यातले सर्व सामान माझी बहीण स्टेफानिया सिमंड्स हिला पूर्ण मालकीने द्यावे. मी तिला क्षमा केली, असा अर्थ या कलमातून कोणी काढू नये. घराचे छप्पर उत्तरेला गळते, ते मी मुद्दाम सांगितले नव्हते.

कलम ८. वेंडल सिमंड्स याला तळ्यावरची माझी मासेमारीची खोपी द्यावी, चुलीसकट. बर्फ धरला की ती ट्रकने ओढून न्यायची असते हे त्याला माहीत आहे, कारण ती आम्ही दोघांनी १९८४ साली बांधली. तिच्या तळाला गळ सोडायची दोन भोके आहेत, माणशी एक. १९८६नंतर मी एकटाच जात होतो. दुसऱ्या भोकाखालचा बर्फही दरवर्षी फोडत होतो. तसे का, ते कोणी विचारू नये, आणि वेंडलने तर मुळीच नाही.

कलम ९. अंत्यविधीला भाषणे नकोत. पाद्रीबुवांनी नेहमीचे गाऊन मोकळे व्हावे. जेवण हॉलमध्ये, पेरोही, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, बटाट्याच्याच असाव्यात, विकतच्या चालणार नाहीत. टीगकडून फुले आल्यास त्याच्या खर्चाने परत करावीत.

वकीलबाईंची सूचना इथे नोंदवतो. ज्याला किंवा ज्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर ते देणे रद्द होते. म्हणून मला इथवर गाडीने घेऊन आलेला माणूस बाहेर ट्रकमध्ये बसला आहे. उणे अठ्ठावीस तापमान आहे. त्याने इंजीन चालू ठेवले आहे आणि मी जिना उतरून दिसेपर्यंत तो दाराकडे बघत राहील. आत काय लिहिले हे त्याने विचारलेले नाही. विचारलेच तर मी सांगणार आहे की तुला यातले काही मिळणार नाही, आणि आता गाडी हाण.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, एकही शब्द सौम्य करू दिलेला नाही.

सही: ऑरेस्ट एम. हवरिल्याक

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली आणि आम्ही एकमेकांसमोर साक्ष घातली:

१. ब्रायनी फॅलिस, कारकून, क्विरिंग यांचे कार्यालय
२. इमॅन्युएल टूट्झ, शेजारच्या बेकरीचे मालक

ठिकाण: वेस्ना, सस्कॅचवान
दिनांक: १४ डिसेंबर २०२३