ओला सदरा

४ फेब्रुवारी १९९८. ओतूर
पहाटे कॉलेजच्या मैदानावर पळाले. शेवटची फेरी चालत. तोंड लाल, अंग कोरडं. जन्मापासून घाम नाही; अंग तापलं की तापतच जातं. शाळेत खेळाच्या तासाला मला चपला राखायला बसवत. आता पस्तिशीत पळते. आई म्हणते, "घाम न्हाई तिनं पळू न्हाई." म्हणीसारखं बोललं म्हणून खरं होत नाही.

११ फेब्रु.
सुनंदा, आमच्या कॉलेजातली खेळाची मॅडम, मूळची घाटघरची. म्हणाली, शनिवारी मुक्कामाला चला, रविवारी जीवधन किल्ला चढू. हो म्हटलं. घरी आल्यावर भीती.
रीत ठरवली. अंधारात निघायचं. सुती सदरा भिजवून घालायचा, वाळला की पुन्हा. वारा नसेल तर ओल्या सदऱ्याचा भरवसा नाही. डोकं ठणकलं की माघार, वाद नाही. थर्मामीटर पिशवीत.

१५ फेब्रु. घाटघर
कातळातल्या पायऱ्यांपर्यंत गेलो. पाणी संपत आलं, परतलो. ताप नाही.
खाली सुनंदाची आई दारातच. "भिजलेलं पावणं आमी वाऱ्यात ठेवत न्हाई." गळ्यापर्यंत घोंगडी, चुलीपुढे पाट, हातात चहा. घोंगडीला नाही म्हणायचं म्हणजे घरालाच नाही म्हणायचं. भिडेनं ती तशीच राहू दिली. सुनंदा मागे पाय धूत होती. कान तापले. मग शब्द जुळेनात. सुनंदा आली, घोंगडी ओढून काढली, अंगावर घागर ओतली. १०३.
अक्षर अजून तिरकं येतंय.

१७ फेब्रु. ओतूर
आईला एस.टी.त कुणीतरी सांगितलं. तिच्या लेखी दोष डोंगराचा. मी म्हटलं, डोंगरानं काही केलं नाही, घोंगडीनं केलं.
"त्या बाईनं मायेनं पांघरलं."
हो. चपलांपाशीही मायेनंच बसवलं होतं.

२३ फेब्रु.
सुनंदा आता पुन्हा चढायला नको म्हणते. "मॅडम, तुमाला काय झालं तर मी तुमच्या आईला तोंड कसं दाखवू?" म्हटलं, मग एकटी जाते. संध्याकाळी तिनंच मला स्टँडवर गाठलं. "एकटं न्हाई जायचं. येते मी. पर घोंगडीचं आमच्या आईला तुमीच सांगा."
आईशी अबोला. तरी सदरा तिनंच धुऊन ठेवला.

२८ फेब्रु. घाटघर
जेवताना सुनंदाच्या आईला सांगितलं. माठाला ओलं फडकं गुंडाळता, वारा लागला की पाणी गार होतं. माझं तसंच. त्यावर घोंगडी टाकाल का?
भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "माठ कुठं डोंगर चढतो, बाई?"
सुनंदा हसली. मीही.

१ मार्च
अजून अंधार. सुनंदा बाटल्या भरते आहे. तिची आई हंडा घेऊन अंगणात उभी. मी पुढे झाले. तिनं खांद्यांवर पाणी ओतलं, सदरा पाठीला चिकटेपर्यंत. "थरथरलीस तरी पांघरायचं न्हाई ना?" नाही म्हटलं. "मग जा. लई हट्टी हायेस."
घोंगडी खुंटीवर.
वारा मात्र पडलाय. पान हलत नाही. सुनंदा म्हणते, पायऱ्यांपाशी असतो. असेल. नसेल तर तिथून परत. इथून नाही.