अर्धा मिलिमीटर

२ जानेवारी

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: शाळेच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ, एकवीस वर्षांत एकदाही मागे पडलेलं नाही. दोरा तुटताच आपोआप थांबणारं विणकामाचं यंत्र. खेळण्यांच्या दुकानाच्या दारातला सोंड उचलणारा हत्ती. माझ्या घराचे सहा दरवाजे, त्यातला एकही करकरत नाही. आणि लेकीच्या डाव्या बुटातली बुचाची टाच. तिचा डावा पाय सात मिलिमीटर आखूड. डॉक्टर म्हणाले होते, काही करायची गरज नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या लक्षात येत होतं. ती पाच वर्षांची असल्यापासून दर बुटाला टाच मी करतो, आणि आजतागायत तिची चाल कुणाला खटकलेली नाही.

यातल्या एकाही वस्तूसाठी मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. ही यादी आज लिहिली, कारण तिच्यात एक ओळ वाढणार आहे.

आज या करमणूक उद्यानात कामावर रुजू झालो. काम एकच: भुयाराची सफर पूर्ण करायची. खाणीसारखा अंधारा बोगदा, रुळांवरून धावणारे सहा डबे, वाटेत कुदळी हाणणारे बारा यांत्रिक खाणकामगार. खोली तिकीटखिडकीच्या मागेच मिळाली. खिडकीतून कुंपण दिसतं आणि त्यावरची पाटी: लवकरच येत आहे. खाली साल लिहिलेलं. ते सात वेळा रंग मारून बदललंय. मी नखानं खरवडून रंगाचा थर मोजला, दोन मिलिमीटरला थोडा कमी भरला. एवढ्या रंगात एक डबा रंगवून झाला असता.

व्यवस्थापक माणूस गोड बोलणारा. म्हणाले, पंधरा मार्चला उघडायचंच. दारावर पितळी पाटी लागेल, तुमच्या नावाची, आणि पहिल्या डब्यातली पहिली जागा तुमच्या लेकीची. लगेच तिला फोन केला. इतका हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

५ जानेवारी

लेक फोनवर म्हणाली, बाबा, कॉलेजच्या सहलीला आम्ही त्या कुंपणापाशी फोटो काढला होता. त्यानंतर माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि तुमचं अजून लवकरच?

तिला सगळं समजावलं. नकाशे एक वर्ष. पाया घालून मुरायला सहा महिने. रूळ, डबे, मोटरा बाहेरून घडून यायला आणखी एक वर्ष. मग रिकाम्या फेऱ्या, मग पाण्यानं भरलेले रबरी बाहुले बसवून फेऱ्या, किमान हजार. सगळं सरळ गेलं तरी तीन वर्षं, आणि माणूस आत बसणार चार मिनिटं. हे मला मान्य आहे. सात वर्षं मान्य नाहीत.

घोडं कुठे पेंड खातंय ते दोन दिवसांत कळलं. सगळीकडेच. बोल्ट आले ते एका मापाचे, नट दुसऱ्या. रंगाऱ्यानं सांधा जोडायच्या आधीच रंगवून टाकला. कागदावर नऊ सह्या लागतात आणि नऊपैकी सात जणांनी भुयार पाहिलेलंच नाही. माझ्याआधी तिघे प्रमुख होऊन गेले. ते का गेले विचारलं, तर जो तो आभाळाकडे बघतो.

कामाचा माणूस एकच, वेल्डर. सगळे त्याला ठिणगी म्हणतात. सातही वर्षं इथे आहे. उजव्या हाताची तर्जनी कधीतरी मोडून वाकडी बसलेली, पण सांधा असा ओढतो की बघत राहावं. मला म्हणाला, साहेब, तुम्ही नवीन झाडू, चार दिवस चकचकीत झाडाल. मी म्हटलं, पाचव्या दिवशी भेट.

११ जानेवारी

आज मनापासून बरं वाटलं. इथे आणखी एक जाणकार आहे.

जेवणाच्या सुट्टीत भुयाराला कुलूप लावून गेलो होतो. परत आलो तर चौदाव्या सांध्याभोवती पांढऱ्या खडूचा गोल, मधोमध एक ठिपका. आमच्या धंद्यातली जुनी रीत: तपासनीस चुकीभोवती गोल काढतो, कारागीर चूक सुधारून खाली सही करतो, तपासनीस परत येऊन पाहतो आणि स्वतःच्या हातानं गोल पुसतो. ज्याची खूण, पुसणं त्याचं. तोवर काम पास नाही.

मी सकाळीच तो सांधा मोजून पुढे गेलो होतो. पुन्हा व्हर्नियर मापपट्टी लावली. दोन रुळांमध्ये नऊशे मिलिमीटर हवेत, नऊशेवर अर्धा निघाला. अर्धा मिलिमीटर! माझ्या नजरेतून निसटला आणि त्याच्या नाही. राग यायला हवा होता, आदर वाटला. कानस चालवली, सांधा नीट केला, खाली लिहिलं: दुरुस्त. सही, तारीख.

१२ जानेवारी

गोल पुसलेला. सहीसुद्धा पुसलेली. पुसल्याचा माग लांब, एका दमात ओढलेला, कोरड्या तळव्याचा. पुढच्या रुळावर तीन नवे गोल. तिन्ही बरोबर.

१९ जानेवारी

व्यवस्थापकांना म्हटलं, तुमच्या तपासनिसाशी गाठ घालून द्या, चहा पाजायचाय त्याला. ते म्हणाले, तपासनीस ठेवलेला नाही, ते पद सात वर्षं रिकामंच आहे. आणि मग विचारलं, तुम्ही खाली सही तर नाही ना केलीत?

ठिणगीला धरलं. आधी टाळलं त्यानं, मग हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवून सांगितलं. गोल पहिल्या वर्षापासून पडतात. खूण दिसली की रंग मारायचा आणि पुढे जायचं, हा इथला शिरस्ता. पहिले दोन साहेब रंग मारून मारून कंटाळले आणि गेले. तिसरे तुमच्यासारखे, म्हणाला, एका केसाचं अंतर न सोसणारे. त्यांनी दुरुस्त करून सह्या केल्या. शेवटी त्यांनी आपले दोन्ही कान सारखे करून घेतले.

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, साहेब, चुकीला चूक राहू द्या, तीही बिचारी जगते.

ही असली वृत्ती आहे म्हणून सात वर्षं लागली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुणीतरी कुलपाची दुसरी किल्ली बाळगून चेष्टा करतंय. करू दे. चेष्टेखोर असला तरी त्याला माप कळतं.

२७ जानेवारी

आज एकतीस गोल. चुका पाव मिलिमीटरच्या झाल्यात. काम पुढे जायचं सोडून मागे चाललंय. सकाळी दहा सुधारावेत, दुपारी वीस पडावेत, ये रे माझ्या मागल्या.

चौथ्या खाणकामगाराच्या टाचेला गोल होता. डावा पाय चार मिलिमीटर तोकडा, म्हणून पुतळा एका अंगाला झुकतो. पाय ओतीव, वाढवता येत नव्हता. अशा वेळी नियम साधा आहे: एक बाजू वाढत नसेल, तर दुसरी कमी करावी. उजवा पाय चार मिलिमीटर कापला. सही केली. पुतळा ओळंब्यात उभा राहिला आणि मला, खरं सांगतो, शाळेचं घड्याळ पहिल्यांदा वाजलं तेव्हासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी

कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात. जेवायला न जाता बंद दाराला पाठ लावून तासभर बसलो. आत गेलो, तर एकोणीस गोल. त्यातला एक पुन्हा चौदाव्या सांध्याला, पुन्हा तोच अर्धा मिलिमीटर.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी ऑफिसात बोलावून, दार लावून एक प्रस्ताव मांडला. तो इथे लिहायच्या लायकीचा नाही. मी उठून आलो. मला विकत घ्यायला निघाले होते. ते मागून काहीतरी म्हणत होते, मी ऐकलं नाही.

१० फेब्रुवारी

गोल भुयाराबाहेर आलेत. माझ्या टेबलाच्या पायाला. खोलीच्या चौकटीला. सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला, ते खरंच एका बाजूला शिवलेलं होतं. सगळं दुरुस्त केलं, नाहीतर चैन पडत नाही. लेकीचा फोन येऊन गेला, घेतला नाही. बटण शिवत होतो.

१५ मार्चला तेहतीस दिवस राहिले. बाहुले बसवून एक फेरीही झालेली नाही.

१८ फेब्रुवारी

ठिणगी सकाळी हात धूत होता. साबण, रॉकेल, वाळू, सगळं करून झालं. वाकड्या बोटाभोवतीचा गोल जात नाही. मला म्हणाला, साहेब, ही खूण तुमच्यामुळे. मी घरी जातो.

मी बोट पाहिलं. सतरा अंश वाकडं आहे. सात वर्षं कुणी कसं बोललं नाही?

१९ फेब्रुवारी

ठिणगीचं बोट सरळ झालं.

तो आपली पेटी न्यायला आला होता. नुसतं बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात धरून बघू या, म्हटलं होतं मी. नुसतं बघू. तो नको नको म्हणत होता आणि माझा हात दांडा फिरवत होता. शांतपणे, घाई न करता, चांगलं काम करताना फिरतो तसा. ओरडणं ऐकू येत होतं, पण लांबून, दुसऱ्याच कुणाचं काम चालल्यासारखं. मग मी त्याच्या मनगटावर सही केली.

तारीखसुद्धा घातली.

२० फेब्रुवारी

ठिणगी दवाखान्यात. अपघात, असं सांगितलं त्यानं. माझं नाव घेतलं नाही. भेटायला गेलो तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बोटावर पट्टी. मनगटावरची सही पुसलेली होती, लांब, एका दमात.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. काम सोडतोय. उद्या.

२१ फेब्रुवारी

सामान बांधलं. फाटकापर्यंत गेलो. फाटकाच्या बिजागरीला गोल.

सोडून पुढे जायचं होतं. एकच बिजागरी. जेमतेम दोन मिलिमीटर. दुरुस्त होईतो फाटक बंद व्हायची वेळ झाली.

२८ फेब्रुवारी

रोज फाटकापाशी एक. रोज मी वाकतो. मला ठाऊक आहे मी वाकणार. त्यालाही ठाऊक आहे.

६ मार्च

लेकीला फोन केला. पंधराला येऊ नकोस म्हटलं. का, तर सांगता येईना. ती म्हणाली, बाबा, पुन्हा लांबलं ना तुमचं लवकरच? मी म्हटलं, लांबलं नाही, तू येऊ नकोस. ती हसली. म्हणाली, मी रजा टाकलीय. पहिली जागा माझी, तुम्हीच कबूल केलीत. नवे बूट घेतलेत, त्यांना टाच तेवढी करून ठेवा.

फोनवर, पडद्याच्या काचेवर, तिच्या नावाभोवती—

खडू काचेवर उमटत नाही. उमटला.

११ मार्च

रूळ झाले. पुतळे झाले. भुयारात एकही गोल उरला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा सगळं बरोबर. व्यवस्थापक पाहून गेले. पितळी पाटी आली. अक्षरं चांगली आहेत. मला आनंद का होत नाही—

भुयार झालं, तर तो आता पाहतोय काय?

१३ मार्च

करवत, कानस, व्हाइसचा दांडा, सगळी हत्यारं पेटीत घालून उद्यानाच्या तळ्यात टाकली. पेटी बुडाली. मी पाहिली बुडताना.

परत आलो. बाकावर मांडून ठेवलेली. मापाच्या क्रमानं. ओली.

१४ मार्च

टाच केली नाही. बुचाला हात लावला नाही. टाच केली तर मी सुधारायला लागलो असं होईल. नाही केली तर ती लंगडेल, आणि त्याला दिसेल. दिसेलच.

फोन लागत नाही. म्हणजे ती निघाली.

१५ मार्च, सकाळ

आली. फाटकापाशी अडवलं, परत जा म्हटलं, हात जोडले. म्हणाली, बाबा, किती वाळलात, आधी बसा. माझ्याच हाताला धरून मला आत घेऊन आली. टाचेशिवाय चालत होती. डावीकडे झुकत. सात मिलिमीटर. मी मान फिरवली. मोजायचं नव्हतं. मोजलं गेलं.

अकरा वाजता

पहिल्या डब्यात बसलीय. पट्टा मीच बांधला. ओढून पाहिला, नीट बसलाय. हाक मारते, बाबा, चालू करा ना. लोक अजून बाहेर आहेत, दार लावलेलं आहे. दार मी लावलं?

गोल तिच्या डाव्या पायाला नाही. डावा वाढत नाही.

उजव्या नडगीवर. ठिपका. खाली आकडा, सात. तिला वाटतंय मी काढला. हसतेय.

हात शांत आहे. चांगलं काम करताना असतो तसा—

डाव्या हातात ही वही आहे. वही धरली आहे तोवर फक्त उजवा मोकळा. लिहीत राहिलो तर उजवाही नाही. म्हणून लिहितो. काहीही लिहितो. घड्याळ. हत्ती. सहा दरवाजे. टाच—

ते लिहितो, जे त्या दिवशी लिहिलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले होते, काम आहे तसं राहू द्या, पूर्ण झालं म्हणून आत्ता सही करा, अठरा लाख घ्या आणि आजच्या आज लेकीकडे निघून जा. माझे हात धरून म्हणाले होते. अठरा लाख. मी म्हटलं, कसं जाऊ, चौदाव्या सांध्याला अजून अर्धा मिलि