आईचा हेल

वेल्हे,
२० फेब्रुवारी २०२५

चि. नूतन,
रतनअक्काचा आशीर्वाद. कागदोपत्री तालुक्याचं नाव बदललंय म्हणे, मी आपलं वेल्हेच लिहिते. आम्ही सगळे बरे. गाय व्यायली, कालवड झाली. आईचा तेरावा उरकला. त्या दिवशी तू जेवून गेलीस की तशीच, कुणी पाहिलं नाही.

फोन मुद्दामच केला नाही. तुझं 'हॅलो' ऐकलं की माझा तोल जातो. लिहिताना शाळेतली भाषा येते, जीभ जरा ताब्यात राहते.

तुझ्या शेफालीनं आजीचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! दोन वर्षांमागं आपला गोरखदादा गेला तेव्हा याच पोरीनं काय केलं? आई लेकाच्या उशाशी बसून हेल काढून रडत होती, "माज्या राजा रं, खाचरात पानी भरून ठिवलंस, आता चिखल कोन करंल रं..." आणि ही मोबाईल धरून उभी! व्हिडिओ गावोगाव फिरला. खाली हसरी तोंडं. नसरापूरला एसटीत एका टोणग्यानं आईसमोरच तिची नक्कल केली. अख्खी गाडी हसली.

मी म्हटलं, "आई, हसतील त्यांचे दात दिसतील." पण म्हातारीनं मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून शब्द निवडून बोलायला लागली. 'म्या'चं 'मी' झालं, 'न्हाई'चं 'नाही'. गाईशीसुद्धा जपून बोलायची. नात पुण्याहून आली की मग तर गप्पच.

पूर्वी कुणाच्या घरी रडणारं कुणी नसलं की आईला बोलावणं यायचं. मेलेल्याची शेतं, बैलं, खोड्या, सगळं ती रडण्यात ओवायची. पुढं शेजारची ठकुबाई गेली, तर आई रडायला गेलीच नाही. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून नुसत्या बसल्या. बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. लाज वाटली, एवढंच. बोली अशीच जाते गं, कुणी मारायला लागत नाही.

आता जे टाळतेय ते लिहिते. जायच्या आधी आईनं माझा हात धरला. किती दिवसांनी आपल्या बोलीत बोलली, "रतने, मला मुकी न्हेऊ नगा. माज्यावर रड गं." मी व्हय म्हटलं.

आईला न्यायच्या वेळी तू दारात रुमाल लावून उभी होतीस, बघितलंस ना? मी तोंड उघडलं आणि समोर पोरांच्या हातात मोबाईल दिसले. दातखीळ बसली माझी. आई मुकीच गेली.

परवा गोठ्यात एकटी बसून रडून पाहिलं. "माजे आई गं..." एवढंच आलं. पुढं काय म्हणायचं ते येईना. आलं ते टीव्हीच्या मालिकेतलं. माझीच मला शरम वाटली. विचारू कुणाला? सांगणारीच गेली.

म्हणून, नूते, हात जोडते. तो व्हिडिओ. तेव्हा तुझ्या दारात येऊन मी तुझ्या सात पिढ्या उद्धारल्या, त्या माझ्याही आहेत हे विसरून. "पुसून टाक, न्हाईतर मेल्यावर बी तोंड दावू नगंस" म्हणाले होते. इथं कुणाकडं तो राहिला नाही. आळीतल्या पप्पूला विचारलं, त्यानं मोबाईल बदललाय. लोकांना हसायला रोज नवं मिळतं.

शेफालीनं पुसला नसेल. हल्लीची पोरं मोठ्यांचं कुठं ऐकतात? कुठं पडला असला तर धाड. मी शिकेन. लई न्हाई, एकदा धड रडायचंय आईवर.

आणि खरंच पुसला असेल, तर मला कळवू नकोस. उत्तर आलं नाही तर मी समजेन, पोस्टमननं हरवलं.

तुझी, रडायची राहिलेली,
रतनअक्का